सात नंबरच्या मापकाची वैद्यकीय रजा

विषय : मापक क्रमांक सात यांना पंधरा दिवसांची वैद्यकीय रजा मंजूर करण्याबाबत.
संदर्भ : त्यांचाच दि. ९ डिसेंबरचा अर्ज.

लोहारपिंपळ नगरपालिकेच्या गच्चीवर हवेतली धूळ मोजायला जे बारा स्वस्त मापक बसवले होते, त्यांतल्या सात नंबरच्याला खोकला झाला आणि त्याने रीतसर रजा मागितली. अर्ज आस्थापना विभागात ढोमण्यांच्या टेबलावर आला. ढोमण्यांची नोकरी एकतीस वर्षांची. अर्जदार कोण यापेक्षा खाली सही आहे की नाही, हे ते आधी पाहत. सही होती.

प्रकरण नाजूक होतं. बाराही मापक सहा महिन्यांच्या परीक्षेवर होते. शेजारच्या वातानुकूलित केबिनमध्ये एक मोठं, मान्यताप्राप्त यंत्र बसे आणि नळीतून हवा आत मागवून घेई. त्याच्या आकड्याशी जुळेल तो मापक कायम, न जुळेल तो भंगारात. सात नंबरचा जुळत नव्हता. मोठं यंत्र नव्वद म्हणे, तेव्हा हा एकशेचाळीस.

ढोमणे गच्चीवर गेले.

"रजा घेतलीत तर सेवेत खंड पडेल. खंड पडला की नापास."

"नाही घेतली तर खोकेन," सात नंबरचा म्हणाला. "खोकलो की आतली धूळ उडते, तीही मोजली जाते. नापास तसाही आहेच."

"बाकीचे अकरा बरे जुळतात?"

"केबिनच्या काचेतून आकडा दिसतो, साहेब."

"तुम्हाला नाही दिसत?"

"दिसतो की," म्हणून तो बराच वेळ खोकला.

पालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "खोकला हवेमुळेच आहे. पण हवा वाईट असल्याचा दाखला आणा, मग लिहून देतो." दाखला देणार अभियंता तिरपुडे बाई. त्यांनी मोठ्या यंत्राला विचारून 'समाधानकारक' असा दाखला दिला.

"सात नंबर एकशेचाळीस म्हणतो," ढोमणे म्हणाले.

"आपल्याच आजारात आपणच साक्षीदार कसा चालेल हो? शिवाय ही स्वस्तातली मंडळी धुक्यालाही धूळ म्हणतात."

ढोमण्यांनी हे अर्जदाराला कळवलं.

"पहिल्या महिन्यात चुकलो होतो, कबूल," तो म्हणाला. "आता कळतं. धुक्याने मी ओला होतो. खोकत नाही."

ढोमणे स्वतः बारा वर्षं खोकत होते आणि घरी त्याला 'हवा बदलली' म्हणत. त्यांनी खिशातला रुमाल काढून सात नंबरच्याच्या तोंडावर बांधला. खोकला थांबला. आठवडाभर आकडा एक्याण्णवच्या वर गेला नाही.

"सुधारला की," तिरपुडे बाई म्हणाल्या आणि त्यांनी कायम करण्याची शिफारस पाठवली. ढोमणे आदेश टाइप करायला घेणार, तोच दुसरा अर्ज आला : 'रुमालाच्या आतली हवा मोजण्यासाठी माझी नेमणूक झालेली नाही. रुमाल काढावा. पहिला अर्ज कायम समजावा.'

ढोमणे पुन्हा जिना चढले.

"अहो, चार दिवस कळ काढा. आदेश निघाला की खुशाल सोडा."

"आदेश निघाला की मला खडी-क्रशरच्या रस्त्यावरच्या शाळेवर लावणार आहेत. माझ्या आकड्यावरून पोरांना मैदानात सोडायचं की नाही ते ठरणार. आत्ता रुमालाने पास झालो, तर तिथेही माझ्याकडून नव्वदच मागतील."

ढोमण्यांनी रुमालाची गाठ सोडली. संध्याकाळी आकडा एकशेचाळीस झाला. तिरपुडे बाईंनी शिफारस मागे घेतली आणि भंगाराच्या यादीत सात नंबर घातला.

यादी ढोमण्यांकडे आली. त्यांनी नियमपुस्तक उघडलं आणि यादीवर शेरा मारला : 'कर्मचाऱ्याचा वैद्यकीय रजेचा अर्ज प्रलंबित असताना त्यास सेवेतून कमी करता येत नाही. सबब यादी परत.'

तिरपुडे बाई स्वतः खाली आल्या. "मग निकाली काढा ना तो अर्ज."

"काढतो की. हवा वाईट असल्याचा दाखला तेवढा जोडा."

"हवा समाधानकारक आहे, ढोमणे."

"मग बसा," ढोमणे म्हणाले. "चहा सांगतो."

ढोमणे एप्रिलअखेर सेवानिवृत्त झाले. कार्यभार सोपवताना त्यांनी या प्रकरणाची फाइल नव्या लिपिकाच्या हातात वेगळी दिली. सात नंबर कामावर हजर आहे. त्याचा आजचा आकडा एकशेअडतीस आहे. अर्ज दाखल्याअभावी प्रलंबित आहे.