सहा वाजेपर्यंत दार वाजवू नये

वीस मिनिटं! सोसायटीच्या सभेत मी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "साउनाचं घड्याळ मी वीस मिनिटांत बदलून देतो. एकविसावं मिनिट लागलं, तर अंगणातली सगळी पानं मी एकटा झाडीन!"

फिनलंडातल्या तुर्कू शहरात आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक साउना, म्हणजे गरम वाफेत बसून घाम काढायची खोली, आहे. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास ठरवून दिलेला. इथला माणूस एक वेळ घर बदलेल, पण साउनाचा तास बदलणार नाही! भट्टी वेळेवर चालू करणारं घड्याळ होतं १९८४ सालचं, आणि ते आठवड्याला अकरा मिनिटं मागे पडायचं. आता एवढ्यावरूनसुद्धा आमच्याकडे शेजारी एकमेकांशी बोलणं सोडतात. आधीही फारसे बोलत नसतात म्हणा, त्यामुळे अबोला धरलाय हे कळायलाच एक हिवाळा जातो.

मी ओस्सी. यंत्रांच्या पोटातल्या चिमुकल्या बोर्डांना अक्कल शिकवायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा तळहाताएवढा एक बोर्ड आणला, त्यात वेळापत्रक भरलं आणि दोन आठवडे घरातल्या दिव्यावर तपासून पाहिलं. दिवा सेकंदाचीही चूक करत नव्हता.

"दिव्याला जमतंय," माझी बायको तूलिया म्हणाली, "तुला कधी जमणार वेळेवर यायला?"

मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाच्या आधी माणसानं मन शांत ठेवावं.

मे महिन्यातला पहिला शनिवार म्हणजे आमच्याकडे श्रमदानाचा दिवस. बर्फ वितळून वर आलेली गेल्या वर्षीची कुजकी पानं सगळ्यांनी मिळून झाडायची, मग कॉफी प्यायची आणि सॉसेज खायचं. मला पानं झाडायचा मनस्वी कंटाळा! त्यामुळे बाकीचे दाताळी घेऊन अंगणात उतरले, तेव्हा मी लॅपटॉप काखेत मारून ऐटीत तळघराकडे निघालो. "माझं श्रमदान तांत्रिक आहे!"

जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या राइलीबाई भेटल्या. वय अठ्ठ्याहत्तर. शनिवारी सहाचा तास त्यांचा.

"ओस्सी, आज सहाला भट्टी तापलेली असेल ना?"

"अहो राइलीबाई, सेकंदावर!"

त्या गेल्या नाहीत. कठड्याशी चाळा करत उभ्या राहिल्या. "आउने आलीय. माझी बहीण. सकाळच्या जहाजानं आली, रात्री नऊच्या जहाजानं परत स्वीडनला जाणार. नऊ वर्षांनी भेटतोय आम्ही. सकाळपासून सोफ्यावर समोरासमोर बसलोय आणि हवामानावर बोलतोय." मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "मला साउनात बसल्याशिवाय मनातलं बोलता येत नाही रे."

यात हसण्यासारखं काही नाही. निम्म्या देशाचं तसंच आहे.

साडेतीनला मी तळघरातल्या खोलीत शिरलो. दारावर चिठ्ठी लावली: 'काम चालू आहे. सहा वाजेपर्यंत दार वाजवू नये.' जुनं घड्याळ उपटलं आणि बाहेरच्या कचऱ्याच्या ट्रकमध्ये भिरकावलं. बोर्ड बसवला, तारा जोडल्या, हिरवा दिवा लागला. तेरा मिनिटं! ट्रक निघून गेला. आता मीही मुकाट्यानं बाहेर येऊन सॉसेज खायचं की नाही? पण नाही! सुखासुखी पायावर धोंडा पाडून घेतला नाही, तर तो ओस्सी कसला?

मनात आलं, आलोच आहोत तर बूटलोडरही नवा घालून टाकू. बूटलोडर म्हणजे काय, तर घरात सगळ्यांच्या आधी उठून बाकीच्यांना हाका मारणारं एक माणूस असतं ना, ते. ते उठलं नाही तर अख्खं घर लोळत पडतं. नवा बूटलोडर घातला की पुढचे सगळे बदल मला घरच्या सोफ्यावरूनच करता आले असते. आळशी माणूस आळसासाठी किती कष्ट घेतो पाहा!

काम सुरू केलं. जुना बूटलोडर पुसला गेला. नवा चढू लागला. वीस टक्के, चाळीस, बासष्ट...

आणि फट्! सगळीकडे अंधार!

मिनिटाभरात वीज परत आली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. बाहेरून तूलियाचा आवाज आला, "कॉफीचं मोठं भांडं आणि सॉसेजचा तवा एकाच प्लगवर नाही हं चालत!"

लॅपटॉप बॅटरीवर तगला. बोर्ड मात्र गेला. जुना बूटलोडर पुसलेला, नवा अर्धवट. हाका मारणारं माणूसच बेशुद्ध! मी केबल बदलली. बोर्ड बंद केला, चालू केला. फुंकर मारली. गोंजारला. शेवटी अस्सल फिनिश शिव्या घातल्या, ज्यांनी आमच्याकडे ट्रॅक्टरसुद्धा सुरू होतात. ढिम्म! तिकडे साडेचार वाजले. भट्टी तापायला पुरा एक तास लागतो, म्हणजे पाचच्या आत ती चालू व्हायलाच हवी. भट्टी थंडगार आणि मी घामानं निथळत होतो!

कुणाला तरी विचारावं म्हणून दार उघडलं, तर समोर इल्पो उभे. इल्पो म्हणजे निवृत्त इलेक्ट्रिशियन, या इमारतीतली वायर न् वायर त्यांच्या हातची. हातात दाताळं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, चिठ्ठीकडे पाहिलं, तोंड मिटलं.

"म्म," इल्पो म्हणाले.

"म्म," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं. म्हातारा माझी फजिती बघायला आलाय, दुसरं काय! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पाच वाजले. सव्वापाच. साडेपाच. आता राइलीबाईंना कुठल्या तोंडानं सांगायचं? नऊ वर्षांनी बहीण आली आणि माझ्या सोफ्यावरच्या आळसापायी ती हवामानावर बोलून परत जाणार! मला खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. लाल टोपी घातलेली एक बाई सरळ आत!

"काय हो, इथं रेडिओ दुरुस्त करताय की काय?"

"आउने!" मागून राइलीबाईंचा घाबराघुबरा आवाज. "चिठ्ठी वाच ना!"

"वाचली की! मग?"

पंचेचाळीस वर्षं स्वीडनमध्ये राहून बाई पार बिघडली होती. मनात आलं की बोलून मोकळी व्हायची!

मी सगळं कबूल केलं. राइलीबाई म्हणाल्या, "हरकत नाही." इतक्या हळू म्हणाल्या, की त्यापेक्षा त्यांनी माझ्या डोक्यात दाताळं घातलं असतं तर बरं वाटलं असतं.

"हरकत कशी नाही?" आउनेबाई कडाडल्या. "अहो, काहीतरी उपाय असेल ना! एवढा लॅपटॉप घेऊन बसलाय ते!"

त्या ओरडल्या आणि माझी ट्यूब पेटली. अशा बोर्डावर दोन बारीक टोकं असतात. ती धातूनं एकमेकांना जोडायची आणि त्याच वेळी बटण दाबायचं, की बूटलोडर नसला तरी बोर्ड थेट केबलचं ऐकतो. पण माझा एक हात बटणावर, दुसरा सैल झालेल्या केबलवर. टोकं जोडणार कोण? आणि कशानं?

आउनेबाईंनी टोपी काढली आणि केसांतली पिन उपसली. "कुठं लावायची?"

टोकं मोहरीएवढी होती. पिन इकडून तिकडे घसरू लागली.

"थांब," राइलीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बहिणीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. पिन टेकली. मी बटण दाबलं. लॅपटॉपवर आकडा हलला. एक टक्का!

"हलू नका!" मी ओरडलो.

चार मिनिटांचं काम. दोघी बहिणी बोर्डावर वाकलेल्या, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ. दहा टक्के. पंधरा.

"नीट धर," राइलीबाई म्हणाल्या.

"नीटच धरलीय."

"बाबांची नाव त्या शेजाऱ्याला देऊन टाकलीस, तेव्हा मला एका शब्दानं विचारलं नाहीस."

मी आकड्याकडे पाहिलं. नऊ वर्षांचं कोडं तेवीस टक्क्यांवर सुटत होतं!

"अगं, ती गळत होती, राइली!"

"सगळ्याच नावा गळतात. पाणी उपसायचं असतं. लहानपणी मीच उपसायचे ना? तू आपली वल्ही मारायचीस."

चाळीस टक्के झाले. बावन्न झाले.

"मी फोन करायला हवा होता," आउनेबाई म्हणाल्या. "चुकलंच माझं. दर नाताळात कार्ड लिहिताना वाटायचं, आता लिहीन. आणि मग नुसती सही करायचे."

"मीही नुसती सहीच करायचे," राइलीबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टपकन बोर्डापासून दोन बोटांवर पडलं.

"रडायचं तर खुशाल रडा," मी म्हणालो, "पण हात हलवू नका!"

शंभर टक्के! हिरवा दिवा! पलीकडे भट्टीचा स्विच खट्कन पडला. सहाला दहा कमी होते.

"पण तापायला तास लागेल," मी ओशाळून म्हणालो. "सातपर्यंत थांबावं लागेल." मग साउनाचं दार उघडून बघतो, तर गरम हवेचा लोट तोंडावर! ऐंशी अंश! छाती दोन इंच फुगली. पाहिलंत? माझा बोर्ड! मिनिटाभरात ऐंशी!

ठोक्याला सहा वाजता दोघी आत गेल्या. तापल्या दगडांवर पाण्याचा चर्र आवाज झाला आणि मागोमाग दोन म्हाताऱ्यांचे आवाज, दोघीही एकाच वेळी बोलत होत्या. मी तसाच तरंगत अंगणात आलो. सगळे पांगले होते. इल्पो तेवढे पानं झाडत होते.

"इल्पो! भट्टी मिनिटात तापली! असला बोर्ड सगळ्या फिनलंडात नसेल!"

इल्पोंनी दाताळं थांबवलं. "पाचला चालू केली मी. हातानं. वरच्या विजेच्या पेटीत बटण आहे. चौऱ्याऐंशी साली मीच बसवलंय."

माझ्या फुग्याला टाचणी! "अहो, मग सांगितलं का नाही? दाराबाहेर उभे होतात की!"

"चिठ्ठी होती."

"आणि आउनेबाई आत शिरल्यावर? तेव्हा तर दार सताड उघडं होतं!"

इल्पोंनी जरा विचार केला. "आलो होतो सांगायला. पण त्या बोलत होत्या."

पण इल्पोंना तरी काय म्हणून दोष देऊ? ती पिन फक्त बटण दाबतानाच लागते. पहिल्या सेकंदानंतर दोघींनी हात काढून घेतले असते तरी काही बिघडलं नसतं. मला ते ठाऊक होतं, आणि मीही बोललो नव्हतो.

"आभारी आहे, इल्पो," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या मनापासून मी कुणाचे आभार मानले नसतील.

"म्म," इल्पो म्हणाले. मग घड्याळात पाहिलं आणि दाताळं माझ्या हातात ठेवलं.

"एकविसावं मिनिट," ते म्हणाले, आणि सॉसेज खायला गेले.