लवंगबंदरचा विरोधी पक्ष

एसटीत बसून कंडक्टरला "एक लवंगबंदर द्या" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पालीच्या बाजाराचा दिवस, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, कुणाच्या तरी टोपलीतल्या कोंबड्या माझ्या धोतराशी सलगी करतायत, आणि कंडक्टर आधीच वैतागलेला. पण तो विठूनानांना ओळखून होता. "ती गाडी आज सुटनार नाय, नाना. तवर पालीपर्यंत चला," म्हणत त्याने पालीचं तिकीट फाडलं. नाना विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. "बगितलात गुरुजी? रस्ता व्हायचाय अजून, पन नाव समद्यांस्नी ठाव हाय!"

लवंगबंदर हे शहर जगाच्या कुठल्याही नकाशात नाही. ते विठूनाना घागांच्या डोक्यात होतं. मी शाळामास्तर, भूगोल शिकवणारा, म्हणून माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. मीही आधी या प्रकाराला निव्वळ खूळ समजत होतो. पुढे नानांच्या घरातला आवाज गेला आणि तो परत आणायला त्यांनी हे अख्खं शहर कामाला जुंपलं, तेव्हा माझी समजूत बदलली.

नाना मूळचे संगमेश्वराकडचे. रत्नागिरीत एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामावर राखणदार. आमची दोन्ही घरं एका भिंतीची. दिवसभर दुसऱ्यांचा माल आत घ्यायचा, दुसऱ्यांचा माल बाहेर सोडायचा. शेठ मत विचारत नसे आणि हमाल विचारायच्या फंदात पडत नसत. मतं साठून साठून माणूस करणार काय? नानांनी शहर काढलं.

या शहराला राजा नाही. कारभार व्यापाऱ्यांच्या हाती, आणि त्यांच्या सभेचं नाव 'बाकडं'. दुकानासमोर असतं तसलंच लाकडी बाकडं, त्यावर जेवढे मावतील तेवढेच कारभारी. जो उठला त्याची जागा गेली. त्यामुळे तिथले पुढारी तहानेने व्याकूळ झाले तरी पाण्यालासुद्धा उठत नाहीत. "मंग आपल्याकडं तरी काय वेगळा हाय?" नाना विचारत.

तिथलं चलन सुपारी. पावसाळ्यात चलनाला बुरशी येते, म्हणून श्रावणात महागाई. लाच तिथे अधिकारी खरोखरीच चावून खातात, त्यामुळे पुरावा उरत नाही. शेजारच्या मिरेपूरशी कायमचं भांडण आहे, कारण मिरेपूरवाले सुका जवळा ओला करून विकतात. नाना हे सगळं इतक्या गंभीरपणे सांगत, की गल्लीत एका घरी टीव्ही आल्यावरही निम्मी माणसं संध्याकाळी नानांच्या ओटीवर बातम्या ऐकायला बसत.

या शहराला एकच विरोधी पक्ष होता. तो म्हणजे नानांची बायको, आनशीकाकू.

काकूंचा आवाज असा, की त्यांनी मागीलदारी मांजराला हाकललं तर पुढीलदारचा पोस्टमन थबकायचा. नानांनी बातमी द्यावी, "बाकड्यानं बंदरात नवा धक्का बांधायचा ठरवला," की आतून भांड्यांच्या आवाजावर ताण करत उत्तर येई, "नाय बांधायचा! आधी न्हानीचा दगड बसवा तो!" नाना म्हणत, नव्या जहाजाला नाव काय द्यावं? काकू म्हणत, "जळला तुमचा जहाज, तांदूळ आनलाव काय?" नाना आम्हाला डोळा मारून सांगत, "विरोध जोरात हाय. शहर जिवंत असल्याची खूण ती."

एका शिमग्यानंतर काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण बोलणं गेलं ते गेलं. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, वाचा परत येईल अशी आशा धरू नका. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "गुरुजी, डॉक्टर भला मानूस. पन तो लवंगबंदरचा रहिवासी नाय. त्याला मत नाय."

मग नाना इरेला पेटले. ओटीवर एक बाकडं आणलं. काकूंची खाट माजघरातून खिडकीशी सरकवली, म्हणजे ओटीवरचं सगळं दिसावं, ऐकू यावं. काकूंना त्यांनी लवंगबंदरच्या नगरशेटीण नेमलं आणि कायदा केला, की नगरशेटणीने तोंडाने 'व्हय' म्हटल्याशिवाय कुठलाही ठराव मंजूर नाही. दर रविवारी सकाळी सभा. ठराव मांडायचा तो गाऱ्हाण्याच्या चालीवर, देवळात गावकर घालतो तसा, आणि आम्ही शेजाऱ्यांनी प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. शेवटची ओळ झाली की सगळे गप्प. नाना खिडकीकडे बघत.

काकू छताकडे बघत.

"ठराव तहकूब," नाना म्हणत, आणि चहा येई.

महिनोन्‌महिने हे चाललं. नानांनी काकूंच्या नावाने बंदर बांधायचा ठराव आणला. हत्ती द्यायचा आणला. सोन्याचा पाळणा, मोत्यांचं मखर, सगळं आणलं. काकूंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सभा संपली की नाना त्यांना भरवत, केस विंचरत आणि पोत्याचं तोंड शिवावं तशी घट्ट वेणी घालत. एकदा मी म्हटलंच, "नाना, पुरे आता. कशाला जिवाला लावून घेता?" ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "सभा बंद करायची? मंग तिनं बोलायचा कुठं?"

दिवसा काकूंजवळ माझी बायको बसत असे. एका रविवारी सभा तहकूब झाल्यावर चहाचे कप गोळा करता करता ती सहज म्हणाली, "नाना, रागावू नका. पण काकूंनी जन्मात कधी तुमच्या एका तरी गोष्टीला हो म्हटलंय का?"

नानांचा कप ओठांशीच राहिला.

पुढच्या रविवारी ते दाढी करून, धुतलेली टोपी घालून बाकड्यावर बसले. डोळ्यांत वेगळीच चमक. आम्ही दाटीवाटीने बसलो. नानांनी हात जोडले.

"बा देवा लवंगेश्वरा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या बाकड्यानं एकमतानं ठरवला हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"की ह्याच्याफुडं लवंगबंदरात बांगड्याच्या आमटीत कोकम घालायचा नाय..."

आमचा आवाज चाचरला. पण म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"त्याच्या जागी टमाटा घालायचा..."

"व्हय... म्हाराजा."

"आनि वरनं चांगली मूठभर साखर!"

ज्या घरात बांगडा शिजतो त्या घरात असलं वाक्य उच्चारू नये. नाना मात्र खिडकीकडे रोखून बघत होते.

खाटेवर काकूंची भुवई वर चढली. मान छतावरून वळली, नानांवर येऊन थांबली. ओठ वाकडे झाले, थरथरले. घशातून खरखर निघाली, जशी पावसाळाभर बंद राहिलेल्या गोदामाची कडी निघते.

"ना..."

माझ्या बायकोने तोंडावर पदर धरला.

"नाय," काकू म्हणाल्या. जड, अर्धवट, पण ठणकावून.

आम्ही टाळ्या वाजवायलाही विसरलो. नानांनी सभेची शिस्त मोडली नाही. घसा खाकरून त्यांनी जाहीर केलं, "विरोधी पक्षाच्या मतानं ठराव फेटाळला." आणि मग लवंगबंदरच्या इतिहासात कुठलाही कारभारी जे करत नाही ते त्यांनी केलं. बाकड्यावरून उठले. आत जाऊन खाटेच्या कडेला बसले, काकूंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांतलं पाणी न पुसताच म्हणाले,

"आनखी एकदा फेटाळ गो."