मोटारशाळेचे दरवाजाची स्प्रिंग तुटली ते प्रसंगाची हकीकत

श्री कुलस्वामिनीस दंडवत घालून, दाराचे चौकटीस हळदकुंकू वाहून, आणि वाचणाराचीं दहाही बोटें जागचे जागीं राहोत ऐसें मागून लिहिणें सुरू केलें. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास, वद्य पक्ष, थंडी बहुत, ते समयीं एका देशीं एक राज्य होतें. राज्य म्हणावें तर एक बंगला, पुढें बाग, मागें पाण्याची टाकी, आणि कुंपणाबाहेर अवघा परमुलूख. गादीवर शिदोजीराव महाराज होते, संगतीं राणी गजराबाईसाहेब, आणि सर्वांचे वर महाराजांच्या मातोश्री बकुळाबाई आऊसाहेब. दिवाणगिरी त्र्यंबकपंतांकडे होती, जे वरचे मजल्यावर भाड्यानें राहत, आणि चोपदारी भिवबाकडे, जो फाटकावर वॉचमनही होता. राज्य लहान, परंतु मर्यादा थोर. आऊसाहेब दालनांत आल्या कीं जो जेथें असेल त्यानें हातचें सर्व टाकून लवून मुजरा करावा, आणि त्यांनीं "उठा" म्हणेपर्यंत मान वर करूं नये. हातीं वस्तु धरून केलेला मुजरा तो मुजराच नव्हे, ऐसा दंडक होता, आणि त्या पायीं राज्यांत कपबशीचा एक सेट धड राहिला नव्हता, परंतु कोणीं तक्रार केली नाहीं.

ऐसें असतां संक्रांतीस महाराज हौसेनें तिळगुळाचा पाक करीत होते, आणि पातेलें चुलीवरून उतरवीत असतां आऊसाहेब आल्या. पातेलें टाकावें तर ऊन पाक पायांवर, म्हणून महाराजांनीं तें हातींच धरून नुसती मान लवविली. आऊसाहेबांचा चेहरा उतरला. मग गाठोडीं बांधविलीं, लोणच्याची बरणी फडक्यांत गुंडाळविली, आणि हुकूम जाहला कीं आम्ही धाकटे बहिणीचे राज्यांत कायमच्या राहावयास जातों, मोटार तयार ठेवावी. आईनें जाऊं नये ऐसें महाराजांस फार वाटे, परंतु गादीवर बसणारानें "जाऊं नका" म्हणावें कसें, हें त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें, आणि ते विनवणी सोडून बाकी सर्व करीत राहिले. टायरांत हवा भरविली, कांचा पुसविल्या, गाठोडीं आपले हातें मोटारींत ठेविलीं.

मग निघावयाचे दिवशीं सकाळीं मोटारशाळेंत तोफ सुटावी तैसा आवाज जाहला. त्र्यंबकपंत परचक्र आलें म्हणून गच्चीवर जाऊन पाण्याचे टाकीआड बसले. भिवबानें फाटक लावून त्यास आपली पाठ टेकविली. राणीसाहेब मात्र बाजूचे लहान दारानें थेट मोटारशाळेंत गेल्या, आणि पाहतात तों दरवाजाचे माथ्यावर ज्या दोन जाड स्प्रिंगा दांड्यावर असतात, ज्यांचे जोरावर एवढें लोखंडी धूड एका हातानें वर जातें, त्यांतील एक थंडीनें मधोमध तुटलेली. मोटार आंत, दरवाजा मिटलेला, आणि पंतांस टाकीआडून खालीं आणून चौघांनीं जोर केला तरी हालेना. बाजारचे मिस्त्रीस फोन लाविला तों तो म्हणाला परवां येतों. हें आऊसाहेबांचे कानीं गेलें, तेव्हां त्यांनीं पंतांचे मुखें निरोप धाडिला कीं आम्हांस अडविण्याकरितां दरवाजा मुद्दाम मोडिला, ऐसा डाव आमचे पोटच्या पोरानें करावा हें नवल आहे. निरोप ऐकून महाराज लाल जाहले. ज्यांस आईनें राहावें ऐसें सर्वांहून अधिक वाटत होतें, तेच बाह्या सरसावून म्हणाले कीं आजच्या आज दरवाजा उघडून दाखवितों, मग जावें त्यांनीं खुशाल.

दरवाजा बसविला तेव्हां स्प्रिंगांची जास्तीची जोडी घेऊन ठेविली होती, ती काढिली. पंत म्हणाले कीं तुटली एक, तर बदलावी एक. राणीसाहेब म्हणाल्या, दोघी एकाच वयाच्या, उद्यां दुसरी तुटेल, बदलावयाच्या तर दोन्ही. पंत म्हणाले, नवी स्प्रिंग पिळून ताण भरावयास पेचकस पुरे. राणीसाहेब म्हणाल्या, पेचकस निसटला तर दिवाणगिरी दुसरे कोणास द्यावी लागेल. आणि मग त्यांनींच हुकूम चालविला. आधीं विजेचा प्लग काढविला. मग रुळांवर दोहीं बाजूंस शिकंजे आवळविले, जेणेंकरून दरवाजा आपखुशीनें वर पळणार नाहीं. मग डोळ्यांस चष्मे दिले, आणि पंतांस चष्मा न उरल्यामुळें त्यांनीं मोतीबिंदूचे वेळचा काळा चष्मा लाविला, त्यांस मग कांहींच दिसेना, तरी ते बॅटरी धरून उभे राहिले. स्प्रिंगेच्या टोकाचे बुडख्यास, म्हणजे लोखंडी टोपणास, भोकें असतात, त्यांत बरोबर बसतील ऐशा दोन पोलादी सळया घेतल्या. स्वतः कोणीं स्प्रिंगेसमोर उभें राहूं नये, बाजूस राहावें, आणि एक सळई भोकांत बसल्याखेरीज दुसरी काढूं नये, मग आभाळ कोसळो, ऐसें राणीसाहेबांनीं सर्वांकडून तीन वेळां वदवून घेतलें.

मग धड राहिलेली जुनी स्प्रिंग पाव पाव फेऱ्यानें सैल केली, स्क्रू ढिले केले, दोन्ही जुन्या उतरविल्या, नव्या चढविल्या. महाराज एका शिडीवर, राणीसाहेब पलीकडे स्टुलावर. महाराजांनीं सळई ओढून पाव फेरा द्यावा आणि धरून राहावें, राणीसाहेबांनीं दुसरी सळई खालचे भोकांत बसवावी, तेव्हां महाराजांनीं पहिली सोडावी, ऐसें चाललें. डावी स्प्रिंग पुरी भरली. उजवी भरत आली. महाराजांचे दंड थरथरूं लागले, घाम डोळ्यांत उतरला, आणि शेवटचा पाव फेरा ओढून धरिला, इतक्यांत बाहेर भिवबानें ललकारी दिली कीं आऊसाहेबांची स्वारी येत आहे, आणि ललकारी देतां देतां चोपदारीचा दांडा टाकून स्वतः लवला. सवय ती सवय. पंतांनीं बॅटरी टाकिली आणि मुजरा केला, तो काळे चष्म्यामुळें भिंतीस जाहला. राणीसाहेबांनीं सर्वांस तीन वेळां वदविलें होतें, परंतु त्या घरांत आल्यापासूनचा दंडक अंगांत मुरलेला, त्यांचे हातची सळई फरशीवर खणकन पडली, आणि त्या स्टुलावरून उतरून लवल्या.

राहिले एकटे महाराज. अवघ्या स्प्रिंगेचा ताण एका सळईवर, सळई त्यांचे मुठींत, आणि लहान दारांत आई. सोडावी तर सळई फिरून तोंडावर येणार. न सोडावी तर दुसऱ्यांदा तोच अपमान, आणि या वेळीं आई गेली म्हणजे गेली. महाराजांनीं क्षणभर आईकडे पाहिलें, आणि देव साक्ष आहे, त्यांनीं तोंड फुटलें तरी बेहत्तर म्हणून बोटें सैल करावयास घेतलीं.

आऊसाहेब म्हणाल्या, "शिदबा, धरून ठेव."

या नांवानें त्यांस गादीवर बसल्यापासून कोणीं हाक मारिली नव्हती. बोटें पुन्हां आवळलीं. बाकीचे सर्व लवलेलेच, कारण "उठा" म्हणावयास आऊसाहेब घाईंत विसरल्या. तेव्हां जिनें आजवर पडलेला रुमालही स्वतः उचलिला नव्हता, ती माउली वांकली, सळई उचलिली, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि स्टुलावर चढली.

"कोठें घालूं?"

"खालचे भोकांत, आऊसाहेब. टेकेपर्यंत आंत."

त्यांनीं घातली, आणि दोन्ही हातांनीं धरिली. मग महाराजांनीं आपली काढिली, स्क्रू आवळले, शिकंजे सोडविले. आऊसाहेबांनीं "उठा" म्हटलें, तों पंतांची कंबर धरली होती, त्यांस भिवबानें सरळ केलें. महाराजांनीं एका हातानें दरवाजा उचलिला. निम्म्यावर नेऊन सोडिला तों तेथेंच उभा राहिला, खालीं येईना, वर जाईना, म्हणजे तोल बरोबर साधला. मग पुरा वर केला. बाहेरचें ऊन आंत मोटारीवर पडलें. गाठोडीं मागें भरलेलीं, रस्ता मोकळा. आऊसाहेब मोटारीचे दाराशीं जाऊन उभ्या राहिल्या. महाराज दरवाजा धरून खालीं पाहत राहिले, आणि शेवटीं जें त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें तें त्यांचे तोंडून आपोआप निघालें.

"जाऊं नका."

आऊसाहेबांनीं रस्त्याकडे पाहिलें, पोराकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "उघडतो हें पाहिलें. आतां मिटतो का तें पाहूं दे."

महाराजांनीं दरवाजा खालीं घेतला. तो लोण्यासारखा मिटला.

येणेंप्रमाणें दोन्ही स्प्रिंगा बदलल्या, सर्वांचीं बोटें वांचलीं, आणि मर्यादेंत एक कलम वाढलें कीं ज्याचे हातीं ताणलेली वस्तु आहे त्यास मुजरा माफ. आऊसाहेब राहिल्या. गाठोडीं मात्र त्यांनीं मोटारींतून काढूं दिलीं नाहींत, राज्यास थोडा धाक असावा म्हणून. इति हकीकत संपूर्ण.