नागभूषणने तोंड उघडलं नाही

नागभूषणला टीमचा प्रमुख करायचं की नाही, हे शुक्रवारी ठरणार होतं, आणि नेमकी शुक्रवारीच ऑफिसच्या दारात कोथिंबीर यायला लागली.

घरपोच भाजी-किराणा पोचवणारी बंगळूरची ही कंपनी इतक्या झपाट्याने वाढत होती, की सकाळी रुजू झालेला माणूस संध्याकाळी जुनाजाणता ठरायचा. कोड लिहिणाऱ्यांतूनच साहेब घडवायला कुरियन सरांना नेमलं होतं. खरा नेता उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो, आणि कोडला तर हातही लावत नाही, ही त्यांची शिकवण. आज ते परीक्षक म्हणून नागभूषणच्या मागेच खुर्ची टाकून बसले होते. तिकडे बसवनगुडीत सासऱ्यांनी जावई साहेब झाल्याची चिरोटी आधीच वाटून टाकली होती. नापास होण्याची सोयच उरली नव्हती.

"सर, अख्ख्या शहराच्या ऑर्डरी आपल्याच ऑफिसात येताहेत," हाताखालचा पोन्नप्पा धापा टाकत आला.

नागभूषणला कारण लगेच कळलं. कुणीतरी चाचणीसाठी ऑफिसचा पत्ता कोडमध्ये घातला होता आणि काढायला विसरला होता. एक ओळ बदलली की मिटलं. तो सांगणार, तेवढ्यात मागे कुरियन सर खाकरले.

"तुला काय वाटतं, पोन्नप्पा?" नागभूषणने उत्तर गिळून विचारलं.

"आपली वाट लागलीय असं वाटतं."

"छान. जरा खोलात जाऊन बघ."

"खोलात कुठे जाऊ सर, लिफ्टमध्ये कोहळे भरलेत."

मग टीम गोल करून बसली आणि मनं मोकळी करू लागली. एवढ्यात गिरिजा मॅडम, म्हणजे नागभूषणच्या साहेब, दुधाच्या पिशव्या ओलांडत आल्या. त्या गेल्याच महिन्यात हे शिक्षण घेऊन पास झालेल्या.

"नागभूषण, तू याकडे संधी म्हणून बघतोयस ना?"

"मॅडम, लोकांचं दूध नासतंय."

"आणि त्याने तुझ्या मनात काय उमटतंय?"

उमटत होतं ते मॅडमना सांगण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात धोतर नेसलेले एक गृहस्थ पहारेकऱ्याला ढकलून आत शिरले.

"माझी केळीची पानं कुठायत? पंगत खोळंबलीय तिकडे."

"तुम्हाला काय वाटतं?" नागभूषणच्या तोंडून सवयीने गेलं.

"तुला फोडून काढावं, असं वाटतं."

आता मात्र नागभूषणचा धीर सुटला. शर्टाखाली लॅपटॉप लपवून तो स्वच्छतागृहात शिरला, कडी लावली आणि ओळ बदलली. नीट चालतंय का बघायला तोंडपाठ असलेला एकुलता एक पत्ता त्याने घातला. चाललं. बाहेर कुणी दार ठोठावलं, तसा तो लॅपटॉप मिटून निघाला.

दारातली स्कूटरींची रांग हळूहळू आटली.

"बघितलंत?" कुरियन सर खुर्चीवरून उठत म्हणाले. "नेता गप्प बसला आणि टीमने मार्ग काढला." पोन्नप्पा काहीच न कळता सगळ्यांशी हात मिळवत होता.

"अभिनंदन, साहेब," गिरिजा मॅडम म्हणाल्या. "आणि हो, कोडमध्ये शिरायची तुझी परवानगी आत्ताच बंद करून टाकलीय. उगाच मोह नको."

टाळ्या पडत असतानाच फोन वाजला. बायको होती, वैदेही.

"अहो, आपल्या जिन्यात पोरांची रांग लागलीय. कोथिंबीर, दूध, कुणाच्या लग्नाचे हारसुद्धा. काय करू मी?"

नागभूषणने पोन्नप्पाकडे पाहिलं. ती ओळ आता फक्त तोच बदलू शकत होता. पण त्याला सांगायचं म्हणजे स्वच्छतागृहातलं सगळंच सांगावं लागणार, आणि कुरियन सर तर पुष्पगुच्छ घेऊन समोरच उभे होते.

"जागा कर," तो हळूच म्हणाला आणि फोटोसाठी हसला.