आठ पुरे होईपर्यंत

ठेकेदारांचा पाय पुन्हा बायकोच्या अंगठ्यावर पडला आणि तिने गाणंच बंद केलं.

"अहो, पाय आहे तो माझा! तुमच्या साइटवरची वाळू नाही, तुडवायला!"

"मग तो मध्ये कशाला येतो?" ठेकेदार उसळले. जन्मभर इमारतींचे ठेके घेतलेल्या माणसाला गाण्यातला ठेका सापडू नये, याने त्यांच्या अंगाची लाही होत होती. शनिवारी लेकीच्या लग्नाच्या पार्टीत जोडीने नाचायचं, असं बायकोने ठरवलं होतं. वर बजावलंही होतं, "नाही जमलं, तर मी भावोजींबरोबर नाचेन." भावोजी म्हणजे ठेकेदारांचा धाकटा भाऊ. तो चहासुद्धा तालात ढवळायचा.

गाणं पुन्हा लागलं. आठ मोजून झाले की एकावर पाय टाकायचा, एवढंच काम. "पाच, सहा, सात..." बायको मोजत होती, तोच ठेकेदारांनी धप्पकन पाय आपटला. लगेच खालच्या घरातून कुणीतरी छतावर दणका दिला. पाठोपाठ जिन्यात चपला वाजल्या आणि खाली मुलांना गाणं शिकवणाऱ्या बाई हातात झाडू घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आवाज होतोय, ठाऊक आहे!" ठेकेदार आधीच भडकले. "माझं घर आहे, मी..."

"आवाजाचं मरू द्या!" बाई कडाडल्या. "खाली माझी पोरं तुमच्या पायावर टाळ्या द्यायला लागलीत! आठ पुरे झाल्याशिवाय एक येत नाही, आणि तुम्ही..."

"पण गाणंच हळू..."

"बघा! माझं वाक्य संपलं होतं का?"

ठेकेदारांनी तोंड उघडलं, तसा बाईंनी झाडू उचलला.

"ताल कळतो तुम्हाला, थांबणं कळत नाही. जिथे तिथे तोंड घालता, तसाच पाय घालता. आता मी बोलते. वाक्य संपेपर्यंत ओठ मिटायचे. संपलं की पाय."

पोरांपुढे कधी आवाज न चढवणाऱ्या बाई खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश बोलू लागल्या, "तुम्ही स्वतःच्या हातांनी बसवलेल्या त्या नळाचं पाणी गेले सहा महिने माझ्या पिठाच्या डब्यात गळतंय."

ठेकेदार लालबुंद झाले, कानशिलावरच्या शिरा ताडताड उडू लागल्या, पण ओठ मिटलेले राहिले. वाक्य संपलं. पाय पडला, नेमका जागेवर.

"शाबास," बाई म्हणाल्या. "आता जिन्याच्या दिव्याबद्दल बोलू."

शनिवारपर्यंत बाईंच्या सगळ्या तक्रारी बोलून झाल्या आणि ठेकेदारांचा पाय तयार झाला.

पार्टीत गाणं सुरू झालं. "पाच, सहा, सात..." बायको पुटपुटली. ठेकेदार दात आवळून थांबले. आठ आलाच नाही. आली ती बायकोची टाच, थेट त्यांच्या बोटांवर.

"आठ कुठे गेला?" ते कळवळले.

"मला काय ठाऊक? सातापर्यंत आले की तुम्ही मध्ये पडायचात! इतक्या वर्षांत त्याच्यापुढे कधी जाऊ दिलंत मला?"

ठेकेदारांच्या जिभेवर सणसणीत उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"आता का गप्प?" ती म्हणाली. "बरं झालं. ऐका. लग्न झाल्यापासून मी..."

गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भावोजी जेवायला गेले. ठेकेदार एक पाय उचलून उभेच होते. बायकोने त्यांचा हात सोडला नव्हता, आणि तिचं वाक्य अजून संपलं नव्हतं.