पाहिले, मान्य

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, आमच्या मजल्यावरच्या कारखानिसांच्या घरातल्या संगणकाने, वयोमानामुळे आपण पुढची आवृत्ती स्वीकारण्यास असमर्थ असल्याचं स्क्रीनवर लेखी कळवलं आणि काम थांबवलं. गंगाधर कारखानिसांना त्याचं वाईट वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनाही साधारण याच अर्थाचं पत्र मिळालं होतं, आणि सोबत शाल-नारळ. निदान संगणकाला भाषण तरी ऐकावं लागलं नाही, असं ते मला जिन्यात म्हणाले.

वाईट वाटलं ते त्यांच्या बायकोला, लतिकाबाईंना. माहीमच्या मैदानात चार दिवसांची खाद्यजत्रा भरणार होती. गाळे फक्त बारा आणि अर्ज द्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. अर्जाचा नमुना ईमेलवर आला होता. तो छापायचा, भरायचा, नेऊन द्यायचा, एवढंच काम. लतिकाबाईंच्या हातचं वालाचं बिरडं आमच्या अख्ख्या दादरात नावाजलेलं आहे, फक्त नाव वेगळ्याच माणसाचं आहे. चाळीस वर्षं लोक बोटं चाटून म्हणत आलेत, "कारखानिसांकडचं बिरडं म्हणजे काय!" आणि कारखानिसांनी जन्मात एक वाल सोललेला नाही.

"दारावरच्या पाटीवर यांचं नाव, लाइटबिलावर अजून सासऱ्यांचं," लतिकाबाई मला म्हणाल्या. "एकदा बोर्डावर माझं बघायचंय हो. 'लतिका यांचं बिरडं'. चार दिवस का होईना."

तळमजल्यावर व्हायोलेट आंटी राहतात. त्यांचा डॅरेन एका कंपनीत संगणकाचंच काम करतो. तो संध्याकाळी आला, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि पंचवीस मिनिटांत जुन्या संगणकावर लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली बसवून मोकळा झाला. प्रिंटर जोडला, एक कोरा कागद गरागरा बाहेर काढून दाखवला.

"अंकल, आता हे मस्त चालतंय. कशाला हात नाय लावायचा. आंटीचा फॉर्म उद्या सकाळी काढा, बस. मी चाललो पुण्याला, शनिवारी येतो."

डॅरेन हुशार मुलगा, पण निवृत्त माणसाला चालू वस्तू देऊन तिला हात लावू नकोस म्हणणं किती क्रूर आहे हे त्याच्या वयात कळत नाही.

मंगळवारी सकाळी गंगाधरपंतांनी सहज म्हणून घड्याळाची वेळ दोन मिनिटं पुढे करायला घेतली, तर संगणकाने परवलीचा शब्द मागितला. 'या कामासाठी अधिकार आवश्यक आहेत.' पंतांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. दोन वर्षांत त्यांना अधिकाराबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं. दूधवाला विचारत नव्हता, सोसायटी विचारत नव्हती, घरात तर पूर्वीपासूनच नाही. त्यांनी परवलीचा शब्द दिला आणि यंत्र गुमान कामाला लागलं. मग त्यांनी एक छोटंसं ॲप मागवलं, तर यंत्र म्हणालं, हे ॲप मिळण्याकरता आधी दुसरं एक पॅकेज, म्हणजे सामानाचं गाठोडं, लागेल. ते मागितलं, तर त्याला तिसरं हवं. तिसऱ्याला चौथं, पण चौथ्याची जुनी आवृत्ती, आणि जुनी आवृत्ती आता मिळत नाही.

पंतांच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी आलं. "लतिका," ते म्हणाले, "अगं, हे आमचंच ऑफिस आहे."

त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पत्र लिहायचं ॲप त्यांनी तीन प्रकारे बसवलं. पहिलं, यंत्राच्या स्वतःच्या भांडारातलं. दुसरं, गादी, उशी, शेगडी आणि पिण्याचं पाणी सोबत घेऊन मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यासारखं, जे बाकी कुणाला त्रास देत नाही पण अर्धं घर व्यापून बसतं. तिसरं, सुट्ट्या भागांपासून घरीच जुळवलेलं, जे उघडतच नव्हतं. तिन्ही एकच काम करणारी होती. पण मूळ प्रत, कार्यालयीन प्रत आणि स्थळप्रत असायलाच हवी, असं पंतांचं म्हणणं पडलं.

"आणि माझा फॉर्म?" लतिकाबाईंनी विचारलं.

"तुझं वेगळं खातं उघडलंय. पण छपाईचा अधिकार प्रशासकाकडे असतो. तू रीतसर मागणी कर."

"प्रशासक कोण?"

"सध्या माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार आहे."

"अहो, मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणते ना."

"घरात यंत्रणा असताना बाहेरून काम करून घेणं नियमात बसत नाही," पंत म्हणाले, आणि आवक-जावकची वही शोधायला माळ्यावर चढले.

लतिकाबाई शाळेत तीस वर्षं क्लार्क होत्या. अर्ज कसा करतात हे त्यांना माहीत होतं. बुधवारी सकाळी त्यांनी चहाच्या कपाखाली अर्ज ठेवला. दुपारी तो शेऱ्यासह परत आला: 'त्रुटी. छपाईचे कारण नमूद नाही.'

"कारण तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे गं. फाईलला माहीत नाही."

कारण नमूद झालं. गुरुवारी सकाळी मंजुरी मिळाली. आता फक्त जावक क्रमांकाचा शिक्का उमटायचा राहिला होता, आणि शिक्का उमटवणारं ॲप काही केल्या बसेना. पंतांनी इंटरनेटवरच्या एका मंडळात अडचण मांडली. मंडळाचं नाव 'मध्य मुंबई लिनक्सप्रेमी'. अडचण ऐकून मंडळी प्रत्यक्षच आली. सहा माणसं, आठ लॅपटॉप. त्यांचे पुढारी नायगावचे कुशाबा. बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांच्या एका लॅपटॉपवर सात वेगवेगळी लिनक्स नांदत होती.

"एवढ्या सातांवर करता काय तुम्ही?" मी आपलं विचारलं.

"करूक येळ खय गावता?" कुशाबा म्हणाले. "बसवूकच दिवस जाता."

लालबागचा अजित म्हणाला की पंतांनी मुळात चुकीचं लिनक्स घेतलंय. कुशाबा म्हणाले, लिनक्स बरोबर आहे पण भांडार चुकीचं. उरलेल्या चौघांची चार मतं पडली. चर्चा रंगल्यावर लतिकाबाईंनी जेवायला वाढलं. सहाही जणांनी बिरडं दोन-दोनदा मागून घेतलं आणि निघताना पंतांचा हात हातात घेऊन सांगितलं, "कारखानीस, तुमचं बिरडं एक नंबर." ताटं तिथेच राहिली. लतिकाबाईंनी ती एकट्यानेच घासली, आणि नको तितकी चकचकीत घासली. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, त्यामुळे मला जरा धाकधूक वाटली.

जाण्यापूर्वी अजितने एक उपाय लिहून दिला होता. पंतांनी तो लगेच अंमलात आणला. यंत्राने अत्यंत नम्र शब्दांत चाळीस ओळींचं टिपण सादर केलं. शिक्क्याचं ॲप बसवता येईल, मात्र त्यासाठी छपाईची व्यवस्था, खिडक्या दाखवणारी व्यवस्था आणि इतर एकेचाळीस पॅकेजेस काढून टाकावी लागतील. आपण काय करत आहात याची आपणास पूर्ण कल्पना असल्यास तसे संपूर्ण वाक्य टाइप करावे.

आता गंगाधरपंतांची सवय सांगायला हवी. चौतीस वर्षं त्यांच्या टेबलावर फाइली चार टेबलं फिरून येत. चौघांनी वाचल्या असणार म्हणून ते वाचत नसत. आधीचे चौघे, पुढे कारखानीस आहेत म्हणून वाचत नसत. पंत शेवटचं पान उघडत आणि लिहीत, 'पाहिले, मान्य.' त्या बळावर त्यांना दोन बढत्या मिळाल्या होत्या. टिपण चाळीस ओळींचं आहे म्हणजे कोणीतरी काळजीपूर्वक केलेलं आहे, हे त्यांनी नजरेनेच ओळखलं, आणि संमतीचं वाक्य एकही चूक न करता टाइप केलं.

शुक्रवारी सकाळी स्क्रीन काळाकुट्ट होता आणि कोपऱ्यात एक बारकी रेघ लुकलुकत होती. शिक्क्याचं ॲप मात्र बसलं होतं. ते उघडायला खिडकी नव्हती, एवढंच.

दुपारपर्यंत खटपट करूनही रेघ हलली नाही, तेव्हा लतिकाबाई रागावल्या. खरंच रागावल्या. आवाज मात्र चढला नाही. "चाळीस वर्षांत एक कागद मागितला मी तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "एक." पंत मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ काढत राहिले. त्या तशाच चपला घालून झेरॉक्सवाल्याकडे गेल्या. तो पुतणीच्या लग्नाला चिपळूणला गेला होता. दुपारचे दोन वाजले होते.

घरी येऊन त्यांनी फोनवर अर्जाचा नमुना उघडला, फूटपट्टी घेतली, आणि शाळेत तीस वर्षं हजेरीचा कॅटलॉग आखला त्याच हाताने अख्खा अर्ज फुलस्केपवर आखला. चौकटी, रकाने, फोटोची जागा, सगळं. छापील वाटावा असा. मूळ नमुन्यात तेरा कलमं होती. लतिकाबाईंच्या अर्जात पंधरा झाली. चौदावं: 'गाळ्यावर ग्राहकांसाठी अटी ठरवण्याचा अधिकार अर्जदाराकडे राहील.' पंधरावं: 'खाली सही करणारा पती चारही दिवस मदतनीस राहील, वाल सोलण्यासह.'

"इथे सही करा," त्या म्हणाल्या.

पंतांनी पेन काढलं. शेवटचं पान पाहिलं. हात आपोआप चालला.

मैदानावरच्या तंबूत पावणेपाचला एका गृहस्थांनी तो अर्ज घेतला. त्यांनी पहिली ओळ पाहिली, शेवटची ओळ पाहिली, शिक्का मारला आणि पोच दिली. गाळा क्रमांक बारा. लतिकाबाई पोच हातात घेऊन दोन मिनिटं तिथेच उभ्या राहिल्या. गाळा मिळाल्याचा आनंद होताच, पण आणखी काहीतरी त्यांच्या लक्षात आलं होतं. शनिवारी डॅरेन परत आला आणि त्याने पंचवीस मिनिटांत संगणक पूर्ववत केला, तेव्हा त्यांनी त्यावर एक नवा नमुना टाइप करून घेतला आणि पाचशे प्रती छापल्या. अधिकार कोणालाही विचारला नाही.

जत्रेत बोर्ड लागला. 'लतिका यांचं बिरडं', लाल अक्षरात, माझ्या घरच्या दरवाजाएवढा. त्या तो बघायला तीनदा रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. गाळ्याच्या तोंडाशी टेबल, टेबलामागे इस्त्रीच्या शर्टात गंगाधरपंत. सकाळी सातपासून वाल सोलून त्यांची नखं काळी पडली होती, पण चेहरा असा खुलला होता की व्हायोलेट आंटीने विचारलं, "काय गंगाधर, परत नोकरी लागली काय?" बिरडं हवं असलेल्याने त्यांच्याकडून अकरा अटींचा कागद घ्यायचा, खाली सही करायची, पंत त्यावर शिक्का मारणार, मग टोकन. बाकी अकरा गाळ्यांवर सरळ खायला मिळत होतं, म्हणून तिथे गर्दी नव्हती. बाराव्या गाळ्याची रांग मैदानाच्या फाटकाबाहेर गेली. एवढी सही-शिक्क्याची भानगड आहे म्हणजे माल अस्सल असणार, असं लोक एकमेकांना समजावत होते.

सातवी अट होती: 'जेवणारा आपले व आपल्या मागच्याचे ताट स्वतः घासून देईल.' खाऊन झाल्यावर लतिकाबाई हसतमुखाने कागद दाखवत आणि मागच्या नळाकडे बोट करत. कुशाबांनी ताटं घासली. मंडळातले बाकी पाचही आले होते, त्यांनीही घासली, आणि अजित तर राखेचं पॅकेज कुठल्या भांडारातलं चांगलं यावर कुशाबांशी भांडत घासत होता. चार दिवसांत एकच माणूस सुटलं. व्हायोलेट आंटीचा चष्मा घरी राहिला होता म्हणून त्यांनी डॅरेनला तो कागद मोठ्याने वाचायला लावला, पोट धरून हसल्या, आणि घरून डबा आणून त्यात बिरडं भरून घेऊन गेल्या.

मी सही केली होती. दोन ताटं घासली, माझं आणि माझ्या मागच्याचं.

माझ्या मागे तुम्ही होतात. तुम्ही पंतांना हसत होतात, माणसं न वाचता सही करतात म्हणून, आणि हसता हसता खिशातलं पेन काढून खाली सही केलीत. असू दे, ताटाचं काही नाही. पण ती अकरावी अट आहे ना, पुढच्या वर्षीच्या जत्रेची, ती एकदा घरी जाऊन वाचा. लतिकाबाईंनी सगळे कागद फायलीत नीट लावून ठेवलेत. सकाळी सातला यायचंय, वाल भिजवून मोड आणलेले तयार असतील. नखं मात्र वाढवून या.