सोवळ्यातलं ब्रॉडबँड

"नेटचं मी बघतो, तू निवांत बँकेत जा," असं सुंदरेश बायकोला म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडणाऱ्या साहेबासारखा होता. कुंभकोणमच्या भाड्याच्या घरात कालच ब्रॉडबँड आलं होतं आणि आज अकराला ऑनलाइन मुलाखत होती. नोकरी घरून करायची. मिळाली तर इथेच अक्षयाबरोबर संसार. नाही तर परत चेन्नई, आणि मग तो नुसता रविवारचा नवरा.

सकाळीच घरमालकीण नागलक्ष्मीमामी दारात येऊन म्हणाल्या होत्या, "अंगणात काल बांधून दिलंस ते फार बरं जाहलं रे. तुला पुण्य लागेल."

"तुम्हीही वापरा की, मामी," सुंदरेश उदारपणे म्हणाला. ह्या वयात नेटची हौस, त्याला कौतुक वाटलं.

साडेदहाला राउटरचा दिवा लाल झाला.

मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या काठाशी, तीही बोलण्यापुरती. तिथून त्याने वायर टाकून गेलेल्या बालाला फोन लावला.

"वायर कुठे दुमडलीय का बघा, सार. वर काही लटकलंय?"

सुंदरेशने वर पाहिलं. अंगणावरून गेलेल्या वायरवर मामींचं नऊवारी लुगडं शांतपणे ठिबकत होतं. त्याच्या वजनाने भिंतीतली क्लिप उपटली होती आणि वायर कोपरासारखी मोडली होती.

"लुगडं आहे."

"मग काढा की."

"सोवळ्याचं आहे."

बाला गावातलाच, सोवळं म्हणजे काय ते जाणणारा. "मग हे आमच्या खात्यात येत नाही, सार."

सुंदरेश धावत देवघराच्या उंबऱ्याशी गेला. मामी पूजेला बसलेल्या, आणि पूजेत त्यांचं मौन. का कोण जाणे, पण समोरचा बोलत नाही म्हणून त्यानेही खुणाच सुरू केल्या. लुगडं दाखवलं, वायर दाखवली, नोकरी दाखवली. मामी मख्ख. शेवटी त्याने चेन्नई दाखवली, म्हणजे कपाळाचा घाम पुसून लोकलमध्ये लोंबकळून दाखवलं. मामी ताडकन उठल्या.

सोवळ्याच्या काठीने त्यांनी लुगडं उतरवलं. खिडकीतून दिसणारा दिवा लालच. मग काठीच्या टोकाने वायर वर उचलून धरली. दिवा हिरवा. काठी खाली, लाल. काठी वर, हिरवा. मामींनी हनुवटीनेच सांगितलं: जा, बस.

मुलाखतभर त्या उन्हात वायर धरून उभ्या राहिल्या, तोंडाने अवाक्षर नाही. हात बदलला की साहेबांचे चेहरे गोठायचे.

"मागे खिडकीत काठी घेऊन कोण उभं आहे?" एका साहेबांनी विचारलं.

"बॅकअप, सर."

कोणी हसलं नाही. एकाने लिहून घेतलं.

शेवटी "सोमवारपासून सुरू करा" हे शब्द ऐकले आणि सुंदरेश अंगणात धावला. पाय धरणार होता, पण सोवळं आठवून चार हात लांबच आडवा पडला.

"मामी, नोकरी लागली. तुमच्यामुळे."

"उठ, उठ. देवाने ऐकलं," मामींनी मौन सोडलं. काठी अजून वरच होती. "रोज किती वेळ असतं रे काम?"

"नऊ ते सहा."

मामींनी उन्हाकडे पाहिलं, मग काठीकडे.

"एकादशीला तेवढी सुट्टी माग," त्या म्हणाल्या. "उपासाचे हात थरथरतात."